कपड्यांच्या चिमट्यांचा मुकुट : झानेले मुहोलींचे फोटो बघून अडकलेय, मदत करा

सायली_ना

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे फक्त वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी नाशिकला फोटोग्राफीचा डिप्लोमा करतेय, दुसरं वर्ष. या टर्मला सेल्फ पोर्ट्रेटचा प्रोजेक्ट आहे आणि अट अशी की वस्तू घरात सापडतील त्याच वापरायच्या, विकत नाही, भाड्याने पण नाही. त्यासाठी लायब्ररीत पुस्तकं चाळत होते तर झानेले मुहोली या दक्षिण आफ्रिकेतल्या फोटोग्राफर बाईचं 'सोमन्यामा न्गोन्यामा' हातात आलं. २०१८ चं पुस्तक आहे, सगळे तिचे स्वतःचेच फोटो, सगळे ब्लॅक अँड व्हाइट. नाव झुलू भाषेत आहे, अर्थ साधारण 'काळ्या सिंहिणीचा जयजयकार असो' असा. मी दुपारी अडीचला बसले ते लायब्ररी बंद होईपर्यंत तिथेच, जेवायचं पण राहिलं.

त्यातला एक फोटो डोक्यातून जातच नाहीये. 'बेस्टर १, मायोत, २०१५'. तिच्या डोक्यावर मुकुट आहे, कानात मोठ्ठे दागिने आहेत, खांद्यावरून शालीसारखं काहीतरी घेतलंय, ओठ पांढरे रंगवलेत आणि ती अशी बघतेय की आपण जागच्या जागी सरळ होऊन बसतो. आधी मला वाटलं कुठल्यातरी आफ्रिकन राणीचा पारंपरिक पोशाख असेल. मग पान जवळ घेतलं तर मुकुट म्हणजे कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे! स्प्रिंगवाले, आपल्या गच्चीत दोरीवर असतात तेच. केसांत खोचलेत, कानालाही तेच लावलेत. आणि शाल नाहीये ती, चटई आहे, पुढे चिमट्यानेच अडकवलेली. आणि गंमत म्हणजे हे सगळं कळल्यावरही ती राणीच दिसते, कमी नाही होत काही. उलट जास्तच.

पुढे पानापानावर असंच. भांडी घासायच्या घासण्या, फुगवलेले रबरी हातमोजे, टायरच्या ट्यूब, केसांत खोचलेली पेनं.

आता माझं. मी आजीच्या माळ्यावरून पितळी चाळण, झारा, दोन पळ्या आणि एक जुनं सूप काढलं. पळ्या केसांत, चाळण गळ्यात, सूप डोक्यामागे देवाच्या प्रभावळीसारखं. काळा पडदा लावला, खिडकीचा उजेड, ट्रायपॉड, टायमर, जवळजवळ दोनशे फ्रेम काढल्या. आमच्या सरांनी बघितलं आणि म्हणाले गॅदरिंगचा फॅन्सी ड्रेस वाटतोय. त्या क्षणी रडू आलं पण घरी येऊन शांतपणे बघितलं तर खरंच तसं दिसतंय. मी काहीतरी नेसून बसलेय एवढंच.

तर मला कळून घ्यायचंय की चिमटे पण घरातले, पळ्या पण घरातल्या, मग तिचा मुकुट होतो आणि माझा फॅन्सी ड्रेस का होतो? लाइटचा फरक आहे का, का अजून काही? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष बघितलंय किंवा ज्यांना या प्रकारातलं कळतं त्यांनी प्लीज लिहा. सबमिशनला तीन आठवडे आहेत.

---

विदुला_लंडन

सायली, छान लिहिलंयस, आणि लायब्ररीत जेवण विसरून बसलीस हे वाचून फार बरं वाटलं.

मी हे फोटो इथल्या टेट मॉडर्न या आर्ट म्युझियममध्ये बघितले, २०२४ मध्ये. त्याआधी २०२० ला तिथेच प्रदर्शन लागलं होतं पण लॉकडाऊनमध्ये बंद पडलं, माझं राहून गेलं होतं, म्हणून परत लागल्यावर दोनदा गेले. पुस्तकात आणि भिंतीवर खूप फरक आहे गं. काही प्रिंट माणसापेक्षा मोठे आहेत, तू खोलीत शिरतेस आणि चारही बाजूंनी तेच डोळे. माझ्या शेजारी एक शाळेतला मुलगा उभा होता तो सारखा जागा बदलून बघत होता की ते डोळे आपल्या मागे येतात का.

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला वाटतं फोटोच्या नावातच आहे. बेस्टर हे मुहोलींच्या आईचं नाव. मुहोलींचा जन्म १९७२ चा, डरबनजवळच्या उमलाझी या टाउनशिपमधला (तिकडे टाउनशिप म्हणजे वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांसाठी शहराबाहेर ठरवून दिलेली वस्ती). आठ भावंडांत शेंडेफळ, वडील जन्मानंतर लगेचच गेले. आई एका गोऱ्या कुटुंबाकडे घरकामाला, आणि थोडीथोडकी नाही, बेचाळीस वर्षं. म्हणजे स्वतःची आठ पोरं टाउनशिपमध्ये ठेवून दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, त्यांचे कपडे धुवायचे, वाळत घालायचे. आता परत ते चिमटे बघ. ते 'घरात सापडले' म्हणून नाही घेतलेले, ते आईच्या हातातले आहेत. बेस्टर २००९ मध्ये गेल्या, फोटो २०१५ चा. मायोत म्हणजे मादागास्करजवळचं फ्रान्सच्या ताब्यातलं छोटं बेट, तिथे गेलेल्या असताना हाताशी जे होतं त्यातून आईला उभं केलंय.

आणि हे एकदम सुचलेलं नाही बरं का. २००८ मध्ये त्यांनी 'मासा अँड मिना' नावाची मालिका केली होती, रंगीत, त्यात स्वतः मोलकरणीचा युनिफॉर्म घालून मालकिणीच्या घरात कामं करताना उभं राहायचं. तिथे गोष्ट सगळी सांगितलेली आहे, फरशी पुसणं, वाढणं, सगळं. बेस्टरच्या फोटोत गोष्ट गेली, घर गेलं, मालकीण गेली, फक्त चिमटे राहिले. सात वर्षं गेलीत या दोन्हीच्या मध्ये. तू तीन आठवड्यांत करतेयस, तर स्वतःवर जरा दया कर.

दुसरी एक गोष्ट. मुहोली स्वतःला स्त्री किंवा पुरुष असं म्हणवत नाहीत, इंग्रजीत स्वतःसाठी अनेकवचनी सर्वनाम वापरतात. आपल्याकडे आदरार्थी बहुवचन आयतं आहे, 'मुहोली म्हणतात', 'मुहोलींनी काढला', झालं काम. तुला टोकत नाहीये, मीही आधी 'ती' च लिहायचे. पण त्यांच्या कामात हे महत्त्वाचं आहे, कारण त्यांची ओळख झाली तीच मुळी २००६ पासूनच्या 'फेसेस अँड फेझेस' मधून, त्यात कृष्णवर्णीय लेस्बियन आणि ट्रान्स माणसांची शेकडो पोर्ट्रेट आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या घटनेत लैंगिक कलावरून भेदभाव करायला बंदी आहे, जगात पहिल्यांदा त्या देशानेच हे घटनेत घातलं, २००६ ला समलिंगी लग्नं कायदेशीर झाली, आणि तरी टाउनशिपमध्ये या बायकांवर बलात्कार होतात, खून होतात. मुहोलींनी त्यांना नावानिशी, चेहऱ्यानिशी उभं केलं. २०१२ मध्ये केपटाऊनच्या त्यांच्या घरी चोरी झाली आणि वीसेक हार्ड डिस्क गेल्या, कित्येक वर्षांचं काम गेलं. त्याच वर्षापासून हे स्वतःचे फोटो सुरू होतात. इतकी वर्षं दुसऱ्यांना बघितल्यावर कॅमेरा स्वतःकडे वळवला, आणि ठरवलं असे ३६५ फोटो करायचे, वर्षाच्या एकेका दिवसाचा एक, कारण काळ्या माणसाला हे रोजच जगावं लागतं.

---

कॅमेरा_कोल्हापूर

विदुलाताईंनी छान सांगितलं. मी फोटोच्या अंगाने लिहितो. पंधरा वर्षं लग्नं शूट करतोय, कलेतलं फार कळतं असा दावा नाही पण चेहऱ्यावरचा उजेड रोज बघतो.

सायली, मुहोलींच्या फोटोत त्वचा आहे त्यापेक्षा जास्त काळी आहे हे तुझ्या लक्षात आलं का? ते एडिटिंगमध्ये मुद्दाम केलेलं आहे, कॉन्ट्रास्ट वाढवून वाढवून त्वचा गडद केलेली, आणि त्यांनी ते लपवलेलंही नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत मागे टेकून बसलो. कारण आमच्या धंद्यात अल्बम फायनल करताना एक वाक्य ठरलेलं, 'दादा नवरी जरा उजळ करा'. एकही लग्न असं गेलं नाही की कोणी हे बोललं नाही. आणि मी करत आलोय, एक स्लायडर सरकवायचा, नवरीचं नाक-डोळे सपाट होतात पण घरचे खूश. मुहोलींनी तोच स्लायडर उलटीकडे ओढलाय. तेव्हापासून मी निदान विचारतो तरी, ताई तुम्हाला स्वतःला कसा हवाय फोटो.

यात कसब किती आहे ते पण सांगतो. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोर जे काही आहे त्याची सरासरी काढून मधला करडा करायला बघतं. काळ्या पडद्यापुढे सावळा माणूस बसवला की मीटरला वाटतं अंधार आहे, ते एक्सपोजर वाढवतं आणि चेहरा धुरकट राखाडी होतो. फिल्मच्या जमान्यात तर अजून वाईट, लॅबमध्ये रंग जुळवायला जे नमुन्याचं कार्ड असायचं, शर्ली कार्ड म्हणायचे, त्यावर गोरी बाईच असायची, म्हणजे गोरी कातडी बरोबर आली की प्रिंट बरोबर. मग काळ्यावर काळं ठेवून, नाकाचा कडा, गालाचं हाड, कपाळावरची चमक सगळं वेगळं वेगळं शाबूत ठेवायचं हे येरागबाळ्याचं काम नाही. मुहोली जोहान्सबर्गच्या मार्केट फोटो वर्कशॉपमध्ये शिकले, डेव्हिड गोल्डब्लाट यांनी १९८९ मध्ये काढलेली संस्था, जिथे काळ्या-गोऱ्या सगळ्यांना शिकता यावं हाच मुळात हेतू होता. तिथली तालीम दिसते.

आता तुझा फोटो न बघता अंदाज करतो. पितळ चिंचेने घासून लख्ख केलं असशील. बरोबर ना? मग खिडकीचा उजेड सगळा पितळेवर नाचणार आणि बघणाऱ्याची नजर आधी पळीवर जाणार, मग चाळणीवर, मग झाऱ्यावर, डोळ्यांपर्यंत पोचेपर्यंत तो दमला. मुहोलींच्या फोटोत सगळ्यात पांढरं काय आहे बघ, डोळ्यांतलं पांढरं. बेस्टरमध्ये ओठ पण. बाकी सगळं त्याच्या खाली. वस्तू बहुतेक मॅट आहेत, लाकूड, रबर, काथ्या, कापड, ज्याच्यावर उजेड बसतो, उसळत नाही. आणि फ्रेममध्ये वस्तू एकाच जातीची आहे. चिमटे तर चिमटे, तीस असोत की चाळीस. तू चार जातीच्या चार वस्तू घेतल्यास, ते रुखवत झालं.

एक्सपोजर दीड स्टॉप खाली आण, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड कमी घे, मीटरिंग स्पॉटवर ठेव, म्हणजे अख्ख्या फ्रेमचा नाही, एकाच जागेचा उजेड मोजला जाईल, आणि ते गालावर घे. पण फॅन्सी ड्रेस यानं जाईलच असं नाही, फक्त चांगला फोटो काढलेला फॅन्सी ड्रेस होईल. खरा घोळ विदुलाताई म्हणतात तिथेच आहे.

---

सायली_ना

विदुलाताई, दादा, खूप खूप आभार. पितळ चिंचेनेच घासलं होतं! आणि सूप पण धुतलं होतं, काळं पडलं होतं म्हणून ब्रशने घासघासून. सर्वनामाचं लक्षात ठेवते, यापुढे 'मुहोली' असंच लिहीन.

पेनांच्या फोटोबद्दल कोणी सांगेल का? केसांत इतकी पेनं का खोचलीत ते मला नीट कळलं नाही.

---

विदुला_लंडन

अगं तो 'नोलवाझी २', इटलीत काढलेला, २०१५ चाच. वर्णभेदाच्या काळात, म्हणजे १९५० चा जो लोकसंख्या नोंदणी कायदा होता त्याखाली प्रत्येकाची वंशावर नोंद व्हायची, आणि एखाद्याचं नक्की ठरत नसेल तर अधिकारी केसांत पेन्सिल खोचायचे. पेन्सिल घसरून पडली तर गोरा, अडकून राहिली तर नाही. एवढ्यावर माणूस कुठे राहणार, कुठल्या शाळेत जाणार, कोणाशी लग्न करणार हे ठरायचं, एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या वर्गात पडलेली आहेत. कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. मुहोलींनी एक नाही, डोकंभर पेनं खोचलीत, आणि एकही पडत नाहीये.

असाच 'क्वानेले' बघ, त्यात डोक्याभोवती प्लॅस्टिक गुंडाळलंय, विमानतळावर बॅगांना गुंडाळतात ते. आयुष्यभर विमानतळांवर वेगळं काढून तपासणी होत आली, त्यातून आलंय ते. क्वानेले म्हणजे 'पुरे झालं'. आणि खाणकामगाराचं हेल्मेट आणि गॉगल घातलेला 'तुलानी' आहे, तो मारिकानाचा. १६ ऑगस्ट २०१२ ला प्लॅटिनमच्या खाणीवर संप चालू असताना पोलिसांनी गोळ्या घातल्या, ३४ कामगार गेले. म्हणजे एकेका वस्तूमागे एकेक प्रकरण आहे आणि मुहोलींनी ते कुठे लिहून चिकटवलेलं नाही. हेल्मेट घातलं आणि बघत राहिले.

---

अभय_दे

चर्चा आवडली. मला मात्र एक गोष्ट सलते आणि ती मी मोकळेपणाने लिहितो, कोणी वाईट वाटून घेऊ नका.

गरिबाच्या हातातली वस्तू उचलायची, तिचा देखणा फोटो काढायचा, तो मोठ्या गॅलरीत लावायचा, श्रीमंत लोक विकत घेणार. बेस्टरबाईंच्या चिमट्यांचा प्रिंट आज ज्यांच्या भिंतीवर आहे त्यांच्याही घरी कपडे कोणीतरी दुसरंच वाळत घालत असेल. हा विचार मला सुटत नाही.

टाकलेल्या वस्तू मांडून फोटो काढणाऱ्यांपैकी मी दोघांचं काम जवळून पाहिलंय. एक आपले विवान सुंदरम, २०२३ मध्ये गेले. त्यांनी २००८ च्या सुमारास 'ट्रॅश' म्हणून काम केलं, दिल्लीतल्या कचरावेचकांकडून आलेला कचरा स्टुडिओच्या जमिनीवर पसरून त्याचं अख्खं शहर उभं केलं, रस्ते, गल्ल्या, वस्त्या, आणि मग वरून फोटो. लांबून विमानातून दिल्ली बघितल्यासारखं वाटतं आणि जवळ गेलं की दही-दुधाच्या पिशव्या, डबे, टूथब्रश. ते मला पटतं कारण तिथे कोणाचा चेहरा वापरलेला नाही, शहरच आरोपी आहे. दुसरे ब्राझीलचे विक मुनीज. रिओजवळच्या जार्दिम ग्रामाशो या प्रचंड डम्पिंग ग्राउंडवर जाऊन त्यांनी कचरा वेचणाऱ्यांनाच पोझ द्यायला लावली, मग गोदामाच्या जमिनीवर त्या माणसांचे भलेमोठे चेहरे त्यांनीच वेचलेल्या मालातून, त्यांच्याच हातांनी मांडले, आणि उंचावरून फोटो काढले. त्यातला एक लंडनच्या लिलावात विकला, पैसे वेचकांच्या संघटनेला गेले. चांगलं झालं, नाकारत नाही. पण २०१२ मध्ये ते ग्राउंड बंद झालं आणि हजारो वेचकांसमोर आता करायचं काय हा प्रश्न होताच. फोटो राहिले.

मग सायली, तुला माझा प्रश्न असा की आजीच्या पळ्या तू केसांत घालतेस तेव्हा आजीला काय मिळतं? तिला विचारलंस का? हे तुला नाउमेद करायला नाही विचारत. मला वाटतं फॅन्सी ड्रेस आणि मुकुट यातला फरक कदाचित इथेच कुठेतरी असेल.

---

विदुला_लंडन

अभय, प्रश्न रास्त आहे, मी तो झटकून टाकणार नाही. फक्त मुहोली आणि मुनीज यांच्यात एक फरक धरायला हवा. मुहोली बाहेरून गेलेले नाहीत. ज्या घरातली बाई चिमटे लावायची त्याच घरातलं हे सगळ्यात धाकटं लेकरू आहे. आणि 'सोमन्यामा' मध्ये ते कोणालाच बसवत नाहीत, स्वतःच बसतात. दुसऱ्याच्या अंगावर टायर घालून फोटो काढला असता तर तुझ्याइतकीच मी चिडले असते, दक्षिण आफ्रिकेत टायर गळ्यात घालून माणसं जाळलेली आहेत. तो टायर स्वतःच्या गळ्यात घेतला ना, मग तो अधिकार त्यांचा.

पैशाचं म्हणशील तर तेही सगळं गॅलरीत थांबत नाही. २००२ मध्ये कृष्णवर्णीय लेस्बियन बायकांसाठीची संघटना उभी करणाऱ्यांत ते होते, २००९ ला 'इंकान्यिसो' काढलं, ज्यात तरुण मुलामुलींना कॅमेरा हातात देऊन आपल्या लोकांची नोंद आपण ठेवायला शिकवतात. विकत घेणाऱ्याच्या घरी कपडे कोण वाळत घालतं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या घरात ते डोळे भिंतीवरून रोज बघत असतील एवढं नक्की.

---

नंदा_परळ

मी इथे फारशी लिहीत नाही. लेकीने हा धागा पाठवला, फोटोही दाखवला फोनवर मोठा करून.

माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच. मी तेव्हा चौथीत. आई दादरला चार घरची धुणीभांडी धरून उभी राहिली. तर हे चिमटे. आईला सवय होती, वाळत घालताना सात-आठ चिमटे पदराच्या काठाला लावून ठेवायची, म्हणजे वाकावं लागत नाही. कामाच्या घाईत ते काढायचे राहायचे आणि ती तशीच घरी यायची. आम्ही जेवायला बसलो की पदराला दोन चिमटे लटकलेले दिसायचे, एक निळा, एक लाल. माझा भाऊ ते काढून त्यांची गाडी करून खेळायचा आणि आई सकाळी शोधायची, कारण ते मालकिणीचे, मोजलेले असायचे.

घासणीचं पण सांगते. आधी नारळाची शेंडी आणि राख होती, मग तारेची घासणी आली. तिची तार तुटून बोटाच्या पेरात जाते. दिसत नाही पण पाण्यात हात घातला की कळ येते. आई रात्री दिव्याखाली बसून सेफ्टी पिनेने ती तार उकरून काढायची आणि मी बॅटरी धरायचे. दुसऱ्या एका फोटोत त्या घासण्यांचा मुकुट मुहोलींनी घातलाय, वर बघतायत, अंगावरून कापड घेतलंय, लेक म्हणाली अमेरिकेतल्या त्या स्वातंत्र्यदेवतेसारखं आहे. मला ते काही माहीत नव्हतं. मला पेरातली तार आठवली आणि मी फोन खाली ठेवला.

अभयदादा, तुम्ही विचारलंत आजीला काय मिळतं. माझी आई आता नाही. पण मालकिणीपुढे तिची मान खाली असायची, चाळीस वर्षांत वर बघून बोललेली मी बघितली नाही. त्या चिमट्यांच्या फोटोतली बाई सरळ बघते. तीच चिमटे लावून बघते. माझ्या आईचा असा एक फोटो असता तर मी घरात लावला असता, लग्नाच्या फोटोच्या वर लावला असता.

सायली बाळा, तुझी पितळी भांडी माळ्यावर होती म्हणतेस. माळ्यावर ठेवतात ते रोज वापरत नाहीत गं. ते आजीच्या लग्नात आलेलं असेल, पाहुण्यांसाठी असेल. आणि सूप काळं पडलं होतं म्हणतेस ते कशाने? धान्य पाखडून सूप काळं पडत नाही. पिवळट होतं, झिजतं, शेणाने सारवलेलं असेल तर करडं दिसतं. काळं नाही. विचार आजीला.

---

कॅमेरा_कोल्हापूर

नंदाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नमस्कार घ्या.

---

सायली_ना

नंदाकाकू, काय लिहू कळत नाहीये. तुमचं वाचून लगेच आजीकडे गेले, ती सिन्नरला काकाकडे असते. चार दिवस राहून आज आले म्हणून उत्तराला उशीर.

पितळेचं तुमचं शंभर टक्के बरोबर. आजी म्हणाली ते आईच्या लग्नातलं, मी कधी हात नाही लावला. आणि सूप बिड्यांचं आहे. आजी एकतीस वर्षं बिड्या वळायची, हे मला माहीत होतं म्हणजे 'आजी बिड्या वळायची' हे वाक्य माहीत होतं, बाकी काहीच नाही. सूप मांडीवर घ्यायचं, त्यात एका बाजूला तंबाखू, एका बाजूला ओलसर करून कापलेली पानं, वळायचं, दोऱ्याने बांधायचं, परत. हजार बिड्या झाल्या की दिवस भरला. काळं होतं ते तंबाखूचं होतं, एकतीस वर्षांचं. आणि ते मी ब्रशने घासून धुतलं, फोटोत छान दिसावं म्हणून. आजीला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती सूप उलटसुलट करून बघत राहिली, मग म्हणाली कडेला राहिलंय अजून, तिथे तुझा ब्रश पोचला नाही. खरंच राहिलंय, वेताच्या बांधणीत, आणि वास पण येतो अजून जवळ नेलं की.

अभयदादा, आजीला विचारलं. मी म्हटलं तुझं सूप घेऊन माझा फोटो काढू का, कॉलेजला द्यायचाय. ती म्हणाली काढ, पण डोक्यामागे कशाला धरतेस, ते काय देवाचं आहे? मग तिने मला भिंतीला टेकवून खाली बसवलं, एक पाय पसरायला लावला, एक मुडपून, सूप मांडीवर ठेवलं आणि दोनदा सरकवलं, म्हणाली इथे, इथे बसलं की हात दुखत नाही. तिची कात्री दिली, दोऱ्याचं रीळ दिलं. मला वळता येत नाही म्हणून हात रिकामेच ठेवले. पितळ काही घेतलं नाही. पडदा पण नाही लावला, भिंत चुन्याची आहे आणि तिथे जिथे ती बसायची तिथे पाठ टेकून टेकून एक मऊ डाग पडलाय, तो तसाच येऊ दिला.

दादा, एक्सपोजर दीड स्टॉप खाली आणलं, स्पॉट मीटरिंग गालावर. सुपाची कड जवळजवळ काळी आलीये, तिथला काळा आणि माझ्या कोपराचा काळा वेगळा दिसतोय, ते बरोबर आहे ना? बत्तीस फ्रेमच काढल्या यावेळी. टायमर लावून पळत जाऊन बसायचे तेव्हा दर वेळी सूप हलायचं, आणि आजी फ्रेमच्या बाहेरून हात घालून ते परत जागेवर सरकवायची. तीन फोटोंत तिचा हात आलाय, मनगटापर्यंत. आधी ते बाजूला काढले होते. आता त्यातलाच एक देणार आहे.